डाव्या बाजूचे दहा नट

आमच्या दादाची, म्हणजे माझ्या आतेभावाची, जीप इंदूरच्या रामबागेतल्या वाड्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये १४ वर्षं उभी होती. वाडा पाडून तिथे इमारत करायचं ठरलं तेव्हा शेडही जाणार होती, आणि जीप कुठेतरी हलवणं भाग होतं. चारी टायर बसलेले, रबराला भेगा. चाकं काढायची, दुसरे टायर चढवायचे, ढकलत नेऊन टेम्पोवर घालायची. अर्ध्या दिवसाचं काम. ते नऊ दिवस चाललं. त्यातले किती दिवस गंजाचे आणि किती आमच्या अकलेचे, ते लिहून ठेवतो.

मला बोलावलं वहिनींनी. दुपारी फोन आला, "भाऊजी, जरा येऊन जा. हे आणि तो टायरवाला पोरगा मिळून चाक तोडून राहिलेत."

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये २७ वर्षं काढली. नातेवाइकांत कुणाचं काही अडलं, कुलूप असो की कुकरचं झाकण, मला फोन येतो. गेलो.

जीप विलीजची, दुसऱ्या महायुद्धातली एमबी. १९४१ ते १९४५ या काळात विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोघांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. लढाई संपल्यावर इथे उरलेल्या बऱ्याच लिलावात गेल्या. दादाच्या आजोबांनी ही महूच्या छावणीतून उचलली असं घरात सांगतात. कागद कुणी पाहिलेला नाही. पुढे ती सांवेरकडच्या शेतावर राबली, ट्रॉली ओढली, लग्नात नवरदेवही मिरवला. इंदूरला होळकरांच्या ड्यूसेनबर्ग मोटारीचं कौतुक सांगणारे पुष्कळ भेटतात. शेण आणि सोयाबीन वाहिलेल्या जीपचं कौतुक करणारा दादा एकटाच.

एका चाकाला पाच नट. स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, १/२ इंचाचा, इंचाला २० आटे, नटाचं तोंड ३/४ इंच. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी, त्यामुळे १९ ची गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा पाना) चालते, वेगळा इंची पाना शोधत बसावं लागत नाही. मात्र या चाकांत एक भलताच धोका आहे. लढाईतल्या या रिमा दोन भागांच्या असतात आणि ते दोन भाग जोडायला बाहेरच्या गोलात आणखी आठ नट असतात. टायरात हवा असताना त्यातला एक जरी सैल केला तरी रिमेची पाळी अंगावर उडू शकते. मी पोचलो तेव्हा पोरगा त्यातल्याच एकाला गोटी लावून बघत होता. आधी ती हातातून काढून घेतली, मग नमस्कार-चमत्कार.

परिस्थिती अशी होती. उजवीकडचे दहाही नट त्याने हवेच्या गनने अर्ध्या तासात काढले होते. मग तो डाव्या पुढच्या चाकाकडे वळला. तिथे गन नुसती टरटर करत राहिली. दहा मिनिटं मारल्यावर त्याने चार फुटी पाईप काढला, दादा आणि तो दोघं लोंबकळले, आणि एक नट "निघाला". दादाने तो मला अभिमानाने दाखवला. नटाच्या आत स्टडचा तुकडा तसाच बसलेला होता. दुसऱ्या एका नटाचे कोपरे गोल झाले होते, कारण गोटी बारा कोनी होती.

वायर ब्रश आणि रॉकेलचा बोळा घेऊन मी एका नटाचं तोंड घासलं. गंजाखालून इंग्रजी "एल" हे अक्षर वर आलं. स्टडच्या टोकावरही तेच. डाव्या बाजूचे आटे उलटे होते. इंदुरात मेकॅनिक याला उलटी चूडी म्हणतात. पोरगा सरळ आटे समजून उलटीकडे फिरवत होता, म्हणजे दहा मिनिटं गनने तो नट आवळत होता.

त्याला हसण्यात अर्थ नव्हता. त्याच्या जन्माआधीच असे नट रस्त्यावरून जवळजवळ गेले. सायकलच्या डाव्या पॅडलला आणि गॅस वेल्डिंगच्या ॲसिटिलीनच्या नळीला उलटे आटे असतात, हे त्याला सांगितल्यावर लगेच पटलं. नळीच्या त्या नटाच्या कोपऱ्यांवर खाच असते, ती याच खुणेसाठी. जीपच्या काळातल्या इंजिनिअरांना भीती होती की चाक फिरता फिरता डावीकडचे सरळ नट हळूहळू सैल होतील, म्हणून डावीकडे उलटे आटे दिले. क्राइसलरच्या गाड्यांतही बरीच वर्षं तसंच होतं. गंमत अशी की, मधोमध एकच मोठा नट असलेल्या तारांच्या चाकांत, म्हणजे रज-व्हिटवर्थ पद्धतीच्या हबमध्ये (हब म्हणजे चाकाचा मधला गाभा), प्रकार नेमका उलटा: तिथे उलटे आटे उजव्या बाजूला. म्हणून "डावं ते उलटं" हा नियम पाठ करून ठेवण्यात शहाणपण नाही. तरी मी तो पाठ करून ठेवला होता, आणि त्याची किंमत पुढे मोजली.

पुढचं चाक आधी. दादाचं म्हणणं, आता दिशा कळली आहे तर पाईप लावून मोकळं करू. मी शेडच्या भिंतीवर खडूने हिशेब मांडला. ७० किलोचा माणूस १.२ मीटरच्या पाईपला टोकाला लोंबकळला तर नटावर ८२० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पडतो. अर्ध्या इंचाचा चांगल्या पोलादाचा स्टड ढोबळमानाने २०० च्या आसपासच पिळून तुटतो. म्हणजे लांब पाईप लावला तर नट निघायच्या कितीतरी आधी स्टडच तुटणार. नट सुटला तर तो कमी जोरातच सुटतो. म्हणून मी दोन फुटी टॉमीच्या (गोटी फिरवायच्या दांड्याच्या) वर गेलो नाही, आणि तीही टोकाला धरून नाही, मधे धरून.

चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, हे सगळे जाणतात. या जीपला ते जास्तच लागू आहे. हिचा हँडब्रेक चाकावर नसतो, ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर असतो (ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी). मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे हँडब्रेक गाडीला धरून ठेवत नाही, ती सरकू शकते, आणि पुढच्या चाकांना तर हँडब्रेकचा काही आधारच नाही. म्हणून चाकांना विटा लावल्या आणि डाव्या बाजूच्या ट्यूबांत जेमतेम हवा भरली, कारण बसलेल्या टायरवर चाक डुलतं आणि अर्धा जोर त्या डुलण्यातच जातो.

मग भिजवणं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, आणि आट्यांमधली ती फट भरली की नट नुसता घट्ट राहत नाही, पाचर मारल्यासारखा होतो. त्या भेगेत शिरायला पातळ तेल लागतं. ऑटो ट्रान्समिशनचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं, बाटलीत हलवून, दिवसातून तीनदा. बाजारातले स्प्रेही चालतात, पण इथे एका बाटलीत नऊ दिवस निघाले. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून तेल घालायच्या दिवशी जवळ विडीसुद्धा नाही. ही ताकीद दादासाठी होती. दर वेळी तेल घातल्यावर नटाच्या बाजूंवर हलक्या हातोडीने आठ-दहा ठोके. जोर लावायचा नाही, नुसतं थरथरवायचं. गंजात बारीक भेगा पडतात, तेल आत ओढलं जातं.

तिसऱ्या दिवशी पुढच्या चाकाचे तीन नट निघाले. घड्याळाच्या दिशेने जोर दिला की आधी काही नाही, मग "कट्ट" असा कोरडा आवाज, आणि नट हलतो. हा आवाज नवख्या माणसाला घाबरवतो, पण तो चांगला आवाज आहे. गंज तुटल्याचा आहे. कोपरे गेलेल्या नटावर १८ ची सहा कोनी गोटी हातोड्याने ठोकून बसवली. ती त्याच्या अंगात घुसून बसली आणि नट घेऊनच बाहेर आली. गोटीतून तो नट पंचने ठोकून काढायलाच एक संध्याकाळ गेली.

इथपर्यंत प्रकरण सोपं होतं. आता मागचं डावं चाक, माझं चाक.

त्या चाकाला पोरग्याने हात लावला नव्हता. मी पहिला नट घासला, "एल" दिसला, आणि पुढचे चार घासण्याचा कंटाळा केला. त्यांच्यावर हिरव्या रंगाचे जाड थर होते, आणि पुढच्या चाकाने माझा आत्मविश्वास वाढवला होता. भिजवून तीन दिवस झालेच होते. पहिला, तिसरा आणि पाचवा घड्याळाच्या दिशेने फिरवले, तिन्ही "कट्ट" करून सुटले. दुसरा फिरेना. चौथाही फिरेना. मी दुसऱ्यावर जोर वाढवला. नट हलला, पण आवाज न करता. हाताला ते कसं लागलं ते सांगतो: गारेगाराच्या काडीला पीळ दिल्यासारखं, मऊ आणि स्प्रिंगसारखं. टॉमी सोडली की थोडी मागे यायची. टूलरूममध्ये २७ वर्षं काढलेल्या माणसाला ही खूण कळायला हवी होती. मला वाटलं, गंज चिवट आहे. आणखी थोडा दाबला. स्टड तुटला.

तुकडा रॉकेलात धुऊन उन्हात धरला. आट्यांच्या रेघा उजवीकडे चढत होत्या. सरळ आटे. कुणीतरी कधीतरी या चाकाचे दोन स्टड बदलले होते आणि बाजारात मिळाले ते घातले होते. मी सरळ नट उलटे समजून आवळत होतो. टायरवाल्या पोराने पुढे केलं, तेच मी मागे केलं. फरक एवढाच, की त्याने ते अज्ञानाने केलं आणि मी ज्ञानाने.

आट्यांची दिशा पाहायला एरवी काहीच कठीण नाही. नटाबाहेर स्टडचे दोन-तीन आटे दिसतातच. घासून मोबाईलने फोटो काढायचा, स्टड उभा दिसेल असा फिरवायचा. रेघा उजवीकडे चढत असतील तर सरळ, डावीकडे तर उलटे. शंका वाटली तर खिशातला कुठलाही साधा बोल्ट शेजारी धरायचा. प्रत्येक नटाला हे करायचं, चाकाला एकदा नाही.

आणि दुसरी युक्ती, जी मला तुकडा हातात आल्यावर आठवली. खडूने एकच सरळ रेघ ओढायची: स्टडच्या टोकावरून, नटावरून, रिमेवर. जोर दिल्यावर नटाची आणि स्टडची रेघ तुटली, तर नट स्टडवर फिरतो आहे, उत्तम. नट आणि स्टड दोन्हींची रेघ एकमेकांशी सरळ राहिली पण रिमेपासून सरकली, तर स्टड पिळतो आहे, तिथल्या तिथे थांबायचं. जुन्या जीपसारख्या गाडीत, जिथे आधी कुणी काय केलं माहीत नाही, ही रेघ ओढल्याशिवाय मी आता टॉमीला हात लावत नाही. आधी दोन्ही दिशांना थोडा थोडा जोर देऊन पाहिला असता, तरी दुसरा नट वाचला असता. दिशा माहीत नसताना तेच करायचं असतं, पण मला माहीत होती ना.

चौथा नट उरला होता. तो मी आधीच आवळलेला, म्हणजे आता दुप्पट जाम. छावणीकडचे एक म्हातारे उस्ताद आले. गॅस कटर आणू का म्हणाले. मी नको म्हटलं. मागे ग्रीसने भरलेलं हब, बेअरिंग, ऑइल सील, शेजारी टायर. तापलेला टायर फुटला तर तो बॉम्बच. मग दोन दिवस तेल बंद ठेवलं, नट कापडाने कोरडा केला, टायरच्या व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडली, ओलं गोणपाट पांघरलं आणि उस्तादांनी बारीक ज्योत फक्त नटावर २० सेकंद धरली. १२.७ मिमीचं भोक २०० अंश तापलं तरी जेमतेम ०.०३ मिमी मोठं होतं. तेवढ्यानेही गंजाची पकड ढिली पडते. लगेच मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरताना दिसतं, ते पाहायला फार बरं वाटतं. असं तीन वेळा. चौथ्या वेळी, या खेपेला घड्याळाच्या उलट दिशेने, टॉमीच्या मध्यावर धरून, कट्ट.

उस्ताद म्हणाले, "भिया, अब बोलो, कौन सी चूड़ी थी?" मी काही बोललो नाही.

एमबीचा मागचा ॲक्सल पूर्ण मोकळ्या प्रकारचा आहे, म्हणजे गाडीचं वजन हबवर असतं, शाफ्टवर नाही. शाफ्टच्या फ्लँजचे सहा बोल्ट काढले की शाफ्ट सरळ बाहेर येतो. मग वाकवलेली लॉक पट्टी सोडवून आतले दोन मोठे नट काढले की हब आणि ड्रम एकत्र हातात येतात. मागच्या बाजूने पाहिलं तर ते दोन सरळ स्टड हबला दाबून बसवलेलेच नव्हते, वेल्डिंगच्या टाक्यांनी चिकटवलेले होते. मूळ स्टड दाताळ मानेने दाबून बसवतात आणि ड्रमवर फुलवून पक्के करतात. शेतावर वेल्डिंगवाला होता, प्रेस नव्हती, हे मी समजू शकतो. पण वेल्डिंगच्या उष्णतेने हबला बाजूने तडा जाऊ शकतो. आमच्या हबला गेला नव्हता. रॉकेल लावून, पुसून, वर खडूची पूड टाकून पाहिलं, कुठेही ओली रेघ उमटली नाही.

स्टड एकूण तीन हवे होते. महिंद्राच्या जुन्या जीपांमुळे "एल"चे नट सियागंजात एका दुकानात धूळ खात पडलेल्या डब्यात मिळाले. स्टडही मिळाले, पण त्यांची मान आमच्या भोकापेक्षा बारीक होती. मग लोहामंडीकडच्या एका लेथवाल्याकडे गेलो. तो ब्राइट बारचा तुकडा काढायला लागला, तेव्हा त्याला थांबवलं. चाकाच्या स्टडला साधं पोलाद चालत नाही. हार्डन आणि टेम्पर केलेल्या ईएन-१९ या मिश्र पोलादाचा बार आणून दिला. उलटे आटे लेथवर कापताना हत्यार चकापासून बाहेरच्या दिशेला चालवावं लागतं आणि सुरुवातीला हत्यार आत बसायला खाच लागते. त्याने पाच केले, दोन जास्तीचे.

इथे उस्तादांचं आणि माझं पटलं नाही. त्यांचं मत, उलटे आटे काढून टाका आणि चारी चाकं सरळ करा, पुढच्या माणसाचा जीव वाचेल. यात चूक काही नाही. आजच्या गाड्या दोन्ही बाजूंना सरळ आट्यांवर चालतात आणि नीट आवळलेला नट सैल होत नाही. पण त्यासाठी डावीकडचे दहाही स्टड बदलावे लागले असते, दोन हब प्रेसखाली घालावे लागले असते, आणि पुढच्या हबचे मूळ चार स्टड चांगले होते. मी जुनेच ठेवायचं म्हटलं. एका चाकावर मिसळ मात्र नको, यावर दोघांचं एकमत झालं.

बसवताना आट्यांना किंचित ग्रीस, नटाच्या तिरक्या बैठकीला मुळीच नाही. कोरड्या आट्यांना मी ८० फूट-पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ११० न्यूटन-मीटर जातो. ग्रीस असेल तर ६५ ला थांबतो, कारण तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. टॉर्क पाना उलटीकडेही "टिक" करतो ना, हे आधी तपासलं. काही पाने एकाच दिशेला मोजतात. दादाने डाव्या दोन्ही चाकांवर पिवळ्या रंगाने बाण काढले: सैल करायला इकडे. बाण थोडा वाकडा आला आहे, पण दिशा बरोबर आहे.

नवव्या दिवशी जीप टेम्पोवर चढली. टायरवाला पोरगाही मदतीला आला होता. मी दोन्ही तुटके तुकडे एका डबीत ठेवले होते, पुढचा आणि मागचा. त्याने दोन्ही उचलले, उजेडात धरले, आटे कुठे चढतात ते पाहिलं, एक मला परत दिला आणि म्हणाला, "अंकल, ये सीधी चूड़ी वाला तो आपका है ना?"